मानेवरचा लाल गोल

४ फेब्रुवारी

...म्हणून तर मी म्हणतोय, बाणाचं टोक हाडाला टेकलंच पाहिजे. जवळपास नाही, टेकलंच पाहिजे. सकाळी गण्याशी याच्यावरूनच वाजलं. तो म्हणे, "इंग्लिश, तुझा बाण हवेत लटकलाय, पण मला कळलं ना कोपर हाय ते." कळलं म्हणजे काय? कोपर वरून दाबायचं का खालून, कुठल्या बाजूने दाबलं की समोरचा किंचाळतो, हे बाणानेच सांगायला पाहिजे.

गण्या म्हणजे गणेश, सायखेड्याचा. आमच्या तालमीतला सगळ्यात तगडा. कान दोन्ही फुटून फुलकोबी झालेत. पोलीस भरतीची तयारी करतोय. मला इंग्लिश म्हणतो, कारण माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मी त्याच्यासमोर मातीत अर्धा मिनिट टिकत नाही, पण कुस्तीचं वेड मात्र मला जास्त, हे तोही मानतो.

काम असं: तालमीतल्या डावांची मोठी चित्रं करायची, फ्लेक्सवर छापून भिंतीला लावायची. चित्रात जागेवर गोल, गोलातून रेघ, रेघेच्या टोकाला चौकट, चौकटीत दोन शब्द. कॉलआउट. कॉलेजात आम्ही मिक्सर आणि पंपाच्या आकृत्यांवर हे करतो. माणसाच्या अंगावर करायची मजा वेगळीच.

लेबलं मराठीतच हवीत असं वस्ताद म्हणाले. म्हणून ही रोजनिशीपण मराठीत. हात बसायला हवा.

७ फेब्रु.

शूट झालं. फोटो काढायचे, मग त्यावरून ट्रेस. वर गण्या, खाली मी. दुसरं कोणी तयारच नव्हतं.

धोबीपछाडला गण्याने मला खरंच आपटलं. "जरा हळू" म्हणायच्या आत नाकावर. रक्त मातीत. फोटो मात्र असा आलाय की काय सांगू, माझे पाय हवेत, तोंड वाकडं, गण्याच्या पाठीचा एकेक स्नायू मोजून घ्यावा.

वस्तादांनी नाक धरून सरळ केलं. कट्ट असा आवाज आला. मग म्हणाले, "आता बाण काढ तिथं."

घरी आईने नाक बघितलं. नुसती बर्फ ठेवून गेली.

११ फेब्रु.

माझे नियम (भिंतीवर चिकटवलेत):
रेघा एकमेकींना कापायच्या नाहीत. चौकट अंगावर नाही, बाहेर. एका चित्रात जास्त लेबलं नाहीत. हिरवं = इथे पकड. लाल = धोका, इथे नको.

दिवसभर घोटे, गुडघे, बरगड्या. एक गोष्ट कळली. माणूस कुठे कुठे मोडतो ते नीट लेबल करत गेलं की आख्खा माणूसच चौकटींनी भरतो. मोकळी जागा उरत नाही. आईने मागून पाहिलं. "हे काय, खाटकाच्या दुकानातलं चित्र का?"

तिला म्हटलं, शिकवायचं आहे. ती म्हणाली, "काय, मारायला?"

१६ फेब्रु.

पहिले फ्लेक्स लागले. तीन डाव: ढाक, मोळी, एकेरी पट. पोरं आंघोळ न करता भिंतीसमोर उभी. आमची तालीम नाशकात, गंगापूर रोडच्या मागे, दोन टॉवरांच्या मध्ये दबलेली. वरच्या बाल्कनीतून एक काकूपण वाचत होत्या.

वस्तादांना आवडलं असं म्हणता येणार नाही. ते बोटानेच शिकवतात. तेल-हळद घातलेली तांबडी माती अंगठ्याला लावतात आणि पोराच्या अंगावर दाबतात. मांडीवर, काखेत, जिथे पकड बसवायची तिथे. ठसा उठतो. "ठसा तिथं जोर." मग तो ठसा शोधत दुसरा पोरगा तुटून पडतो. चुकला तर वस्तादांची काठी नडगीवर. माझ्या नडगीवर अजून निळं आहे.

वस्ताद फ्लेक्सकडे बघून म्हणाले, "चित्राला काठी कुठं हाय?"

सगळे हसले. मीपण.

२३ फेब्रु.

वस्तादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. धूळमाती बंद, काळा चष्मा, महिनाभर घरी. तोवर सगळ्यात जुना पैलवान, नाना, तालीम बघणार. नाना म्हणजे फक्त जोर-बैठका आणि शिव्या.

मला घुटना करायचाय. समोरचा खाली पालथा, त्याची लांग, म्हणजे लंगोटाची मागची पट्टी, मुठीत, आपला गुडघा त्याच्या मानेच्या कडेला, आणि वजन टाकून त्याला पलटवायचं. बघायला भयंकर. पोस्टरला याच्यासारखं काही नाही.

वस्तादांना आधी विचारलं होतं. "घुटना मी मागत्याला देत नसतो. पोराचं डोकं थंड झालं की देतो. गण्याचं अजून नाय झालं." म्हणजे अजून कोणालाच नाही. हे मला पटत नाही. माहिती अशी दाबून ठेवायची?

२५ फेब्रु.

केला. जुन्याच शूटमधला गण्याचा आणि माझा एक फोटो, ट्रेस करताना पाय बदलून. वर गण्याची आकृती, खाली माझी. मानेचे मणके शोधून शोधून बघितले, कुठल्या मणक्याला काय झालं की हात जातात, कुठल्याला श्वास जातो. वाचताना मान आपोआप आखडली.

खांद्याच्या मांसावर हिरवा गोल: "गुडघा इथे."
मानेच्या मागे मधोमध लाल गोल: "इथे गुडघा नको. मणका."

लाल गोल मोठा केला. जाड. धोका आहे तर दिसायला पाहिजे ना. हिरवा त्यामुळे थोडा बारीक वाटतो, पण चालेल.

आजवर केलेलं बेस्ट चित्र. खरंच.

३ मार्च

घुटन्याचा फ्लेक्स मधल्या भिंतीवर, वर. नाना म्हणाला, "वस्तादांना विचारलं का रे?" मी "हो हो" केलं. विचारलं तर होतंच. उत्तर काय आलं ते नाना कुठे विचारतोय.

गण्या बराच वेळ बघत उभा. मी म्हटलं, करून बघू? म्हणाला, "नाना हाणंल. बघून ठेवलाय." डोक्याकडे बोट.

२२ मार्च

आंघोळपण न करता लिहायला बसलो.

यात्रेची कुस्ती. गण्या विरुद्ध वणीकडचा सागर. सागर गण्यापेक्षा उंच, पण अंगाने बारीक. हलगी, धुरळा, माणसं झाडांवर. खडाखडीतच, हात अडकवून जोर बघतात तेव्हाच, सागरने गण्याच्या मानेवर आणि कानावर थापा मारायला सुरुवात केली. सपासप. नियमात बसतं ते. एका थापेला गण्याचा फुटका कान परत फुटला. रक्त गळ्यावरून छातीवर. सागरचे चुलतभाऊ कडेला ओरडत होते, "अजून दे, रडतंय बघ सायखेड्याचं बाळ."

गण्या बैलासारखा आत घुसला. पाय धरून पट काढला, सागर खाली. पालथा. गण्याने लांग पकडली आणि गुडघा वर घेतला.

मी बघत होतो कुठे पडतो ते. मी ते चित्र इतकं बघितलंय की मला डोळे मिटूनही

मधोमध पडला. गण्याचं सगळं वजन. आवाज आला, सुकं लाकूड मोडल्यासारखा, हलगी चालू असतानापण ऐकू आला. सागर पलटला नाही. नुसता सैल झाला. गण्याला कळलंच नाही, तो अजून लांग ओढत होता, सागरचं अंग पोत्यासारखं मातीत फिरत होतं. पंचाने गण्याला लाथ घालून बाजूला काढलं.

सागरचे डोळे उघडे होते. म्हणत होता, "माझा हात कुणी धरलाय? सोडा." कोणीच धरला नव्हता.

२३ मार्च

सागर नाशकात, आयसीयूत. मानेचा मणका. हात हलत नाहीत, पायाची बोटं थोडी. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही.

गण्या हॉस्पिटलच्या बाहेर बसून होता. सागरचे भाऊ आले आणि त्याला धुतला. बेल्टने, हेल्मेटने. एकाने त्याचं डोकं पार्किंगच्या खांबावर आपटलं. गण्याने हात वर केला नाही. मी मध्ये पडलो तर एक लाथ माझ्या पोटात. वॉचमनने सोडवलं.

रिक्षात गण्या एवढंच म्हणाला, "मारू द्यायचं होतं त्यांना अजून."

२४ मार्च

सकाळी सागरचे भाऊ तालमीत आले. कोयते घेऊन. आम्ही माती खणत होतो. कोणाला तोडायचं ठरवून आले असणार, पण गण्या नव्हता. मग भिंतीवर निघाले. सगळे फ्लेक्स कापले. घुटन्यावर मात्र थांबले. सगळ्यात पुढचा सागरचा चुलतभाऊ, तो लेबल मोठ्याने वाचायला लागला, "इथे... गुडघा... नको." परत वाचलं. मग माझ्याकडे वळून, "हे कोणी काढलं?"

नाना म्हणाला, "पोरगं लहान हाय, सोड."

त्याने कोयत्याची उलटी बाजू माझ्या उजव्या खांद्यावर मारली. हाड नाही मोडलं. हात वर होत नाहीये, डाव्या हाताने टाईप करतोय. मग तो नीट, कडेकडेने कापून तो फ्लेक्स घेऊन गेला. म्हणाला, पोलिसांना दाखवणार. स्पष्ट लिहिलंय नको म्हणून, तरी केलं, म्हणजे मुद्दाम केलं.

२६ मार्च

वस्ताद आले. काळा चष्मा तसाच. आधी मला कानाखाली दिली, दुखऱ्या खांद्याच्या बाजूलाच. मी पडलो. मग म्हणाले, फोनवर दाखव चित्र. डोळ्याला लावून, झूम करून बघितलं.

"हे तांबडं काय?"

म्हटलं, धोका. सिग्नलला कसं लाल असतं तसं.

ते खाली बसले. कुस्तीच्या हौदातली माती अंगठ्याला घेतली आणि माझ्या मानेवर, मागे, मधोमध दाबली. "लहानपणापास्नं ह्या पोरांना तांबडं म्हंजे काय शिकवलं मी? ये. इथं ये. जोर इथं लाव. तू त्याच रंगात 'नको' लिवलंस. अक्षरं वाचाया कुस्तीत टाईम असतो का कुणाला?"

मी मानेला हात लावला. बोटं तांबडी झाली.

माझ्या अंगावर किती वेळा ठसा उठलाय. फोटोपण काढलेत मी त्या ठशांचे. तरी रंग निवडताना एकदाही डोक्यात आलं नाही. शाळेच्या पुस्तकात लाल म्हणजे काय तेवढंच आलं.

मग वस्तादांचा आवाज बदलला. "पोलिसांना हेच सांगायचं. चूक चित्राची. पोरगं फसलं. गण्याची भरती राहील, तालीमबी राहील. तुला काय करत्यात, तू पैलवान नाय."

मी म्हटलं, घुटना तुम्ही लपवला नसता तर. परत कानाखाली.

२७ मार्च

आई: "काय लिहिलं होतंस चित्रावर? 'नको' असंच ना? मराठीत? मग झालं. तू बरोबर लिहिलं होतंस. एवढंच सांगायचं आणि घरी यायचं. रंगाबिंगाचं काढायचं नाही."

बाबा पेपरमागून: "वकील बघू का?"

दोघांचंही जेवण तसंच राहिलं.

२९ मार्च

सागरला बघायला गेलो. आत सोडलं नाही. बाहेर त्याचे वडील. वणीला त्यांचं पेढ्याचं दुकान, देवीच्या गडावर जाणारे लोक घेतात. हाताला अजून खव्याचा वास. मला वाटलं मारतील. बाकावर जागा करून दिली.

"तू चित्रवाला?"

हो म्हटलं.

"पोरगं कुस्तीत मोडलं तर मी कुणाला दोष देत नाही. मीबी लढलोय. माझी बरगडी बघ." शर्ट वर करून दाखवली, आत गेलेली. "मला एकच पाहिजे. त्या गणेशला माहीत होतं का? माहीत नसलं तर देवाची मर्जी. माहीत असून टाकला असंल तर मी माझ्या पोरांना आडवणार नाही. कोयते घेऊन फिरतायत ती. तालमीत आली ती मला न सांगता, तवापास्नं मीच आडवून धरलंय."

म्हटलं, मला नाही माहीत.

"मग विचार की त्याला. तुझा दोस्त ना?"

दाराला काच होती, तिच्यातून दिसला. सागरच्या डोक्याला लोखंडी कडं, स्क्रू हाडात. त्यावरून वायरी, प्रत्येक वायरीला छोटं स्टिकर, कुठली कशाची. मी ती वाचत उभा राहिलो. मग स्वतःचीच किळस आली.

१ एप्रिल

गण्या सायखेड्याला, मळ्यात लपल्यासारखा. बस पकडून गेलो. तोंड अजून सुजलेलं, एक डोळा बंद. भावाने कोयता उशाशी ठेवलाय. त्यांच्याकडेपण तयारी आहे.

सरळ विचारलं. लाल म्हणजे ठसा वाटला का तुला?

तो ज्वारीचं ताट घेऊन सोलायला लागला.

"वस्तादांनी सांगितलंय, तसंच म्हणायचं."

म्हटलं, मी वस्ताद नाही.

"वाचलं होतं मी." मग माझ्याकडे न बघता, "फ्लेक्स लावला त्या दिवशीच. 'नको' बी वाचलं, 'मणका' बी वाचलं. येडा नाय मी. पण इंग्लिश, त्या टायमाला... कान फुटलेला, ती पोरं बाळ-बाळ करतायत. मला शब्द काय आठवंना. नुसता तो तांबडा गोल दिसत होता. त्याच्या मानेवर, खरोखर दिसत होता. आन् गुडघा गेला."

मारायचं होतं का?

"मारायचं तर होतंच. कुस्ती हाय ती. पण असं..." ताट मोडलं त्याने, दोन तुकडे. "मला नाय माहीत रे. तूच सांग. चित्र तुझं हाय."

त्याचा भाऊ ओरडला, "काय विचारतोय तो? हाकल त्याला." गण्या बांधापर्यंत सोडायला आला. म्हणाला, भरतीचं ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे. मग म्हणाला, सागरची बोटं हलली का?

२ एप्रिल

बोटं. उजव्या हाताची दोन, थोडी. एवढीच बातमी.

दुपारी पोलिसांकडे जबाब. त्यांच्या टेबलवर तो कापलेला फ्लेक्स असणार. त्यात मातीत तोंड खुपसलेला मी आणि माझ्याच मानेवर तो लाल गोल. साहेब विचारणार, हे काय दाखवलंय, नीट समजावून सांग. समजावून सांगायला मला आवडतं. नेहमी आवडत आलंय.

रंग चुकला म्हटलं तर गण्या सुटतो, आणि तो वाचून बसला होता हे मी गिळायचं. तो वाचून बसला होता म्हटलं तर सागरचे भाऊ सायखेड्याची वाट धरतात, आणि तिकडे उशाला कोयता तयारच आहे. आणि सागरच्या वडिलांना लांबलचक काही नकोय. त्यांना हो किंवा नाही.

काल बसमध्ये चित्र पुन्हा काढलं, हातानेच. लाल गोल काढून टाकला. नुसता हिरवा. मग वाटलं, मणका दाखवलाच नाही तर तो तिथे नाहीच असं कोणाला वाटेल. परत काढला, काळ्या रंगात. मग कागद फाडला.

काहीही झालं तरी ही पानं जबाबानंतर मी जशीच्या तशी लोकांसमोर टाकणार आहे, गण्याशी बाणावरून वाजलं तिथपासून. फक्त नावं बदलून. कारण मी एकट्याने विचार करून थकलो. गण्याने ते शब्द वाचले होते, आणि गुडघा पडला तेव्हा त्याच्या डोक्यात ते नव्हते, दोन्ही खरं आहे असं मला वाटतं. आता तुम्हीच सांगा, एकदा वाचलं म्हणजे माणसाला ते माहीत होतं, असं तुम्ही म्हणाल का?